थेंबाची ओढ

आषाढात धारवाडच्या एखाद्या जुन्या घराच्या परसात डोकावले, तर सांडपाण्याच्या वाटेवर अळू माजलेले दिसते. कानडी शेजारी त्यालाच केसू म्हणतात. त्याच्या पानावर पडलेला पावसाचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि पान हलताच घरंगळून जातो. तोच थेंब स्वच्छ काचेवर मात्र पसरतो. असे का व्हावे?

पाण्याचे कण एकमेकांस ओढून धरतात. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. अळवाच्या पानावर मेणचट, अतिसूक्ष्म उंचवटे असतात व त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. त्यामुळे पाण्याला पानाशी नीट सलगी करता येत नाही. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, तो स्पर्शकोन. थेंबाच्या कडेवर तीन ओढींचा समतोल साधून हा कोन ठरतो, हे थॉमस यंग या इंग्रज वैद्याने १८०५ साली सांगितले. हुबळी-धारवाडच्या काळ्या रानात कापूस पिकविणाऱ्याशीही या कोनाचा संबंध आहे. फवारलेले औषध पानावरून ओघळून गेले तर पैसा मातीत जातो. म्हणून त्यात पृष्ठताण कमी करणारे द्रव्य मिसळतात.

तथापि यंगच्या हिशेबात एक बाजू राहून गेली होती. त्याने केवळ आडव्या ओढींचा मेळ घातला. थेंबाची कड खालच्या पृष्ठभागाला वरही ओढते, त्या ओढीचे काय? काच इतकी कठीण, की ती अणूच्या व्यासाएवढीसुद्धा उचलली जात नाही. परंतु लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंनी बनलेला, दह्यासारखा लिबलिबीत सिलिकोनचा थर घेतला, तर चित्र पालटते. थेंबाच्या कडेभोवती त्या थराचा बारीक बांध उभा राहतो. त्याची उंची केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरू शकते. थेंबाच्या आतील दाबाने मधला भाग किंचित खचतो. माळी रोपाभोवती आळे करतो, तसे थेंब स्वतःभोवती आळे करून बसतो. आणि हे काम वजनाचे नसून पृष्ठताणाचे असते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली थरात चमकणारे सूक्ष्म कण पेरून सूक्ष्मदर्शकाखाली हा बांध मोजला.

थेंब पुढे सरकू लागला की हा बांधही त्याच्याबरोबर सरकावा लागतो. मऊ पदार्थाच्या अंतर्गत घर्षणात शक्ती खर्च होते आणि थेंब मंदावतो. कारे, गास्तेल व शानाहान यांनी १९९६ साली मऊ रबरावर हेच दाखविले. पुढे २०१३ मध्ये आणखी नवल दिसले. थर कोठे पातळ, कोठे जाड ठेवला असता थेंब आपण होऊन मऊ बाजूकडे सरकले.

यंगचा नियम यामुळे खोटा ठरला असे नव्हे. काच, धातू, दगड यांवर तो आजही खरा आहे. त्याची मर्यादा तेवढी कळली. डोळ्यांत घालावयाची मऊ भिंगे किंवा जखमेवर बसवावयाचे लवचीक पापुद्रे करणाऱ्यांना ती मर्यादा ओळखूनच काम करावे लागते. कठीण पृष्ठभाग थेंबाला आकार देतो. मऊ पृष्ठभाग आकार देतो आणि स्वतः घेतोही.