पडद्यापलीकडची साक्ष

आज एका रहस्य कादंबरीची गोष्ट सांगते आणि तिच्या निमित्ताने पोलीस ठाण्यातल्या आपल्या हक्कांचंही बोलते.

कादंबरीचं नाव ‘द विडोज ऑफ मलबार हिल’, म्हणजे मलबार हिलच्या विधवा. सुजाता मॅसी यांनी ती इंग्रजीत लिहिली, २०१८ साली आली. गोष्ट १९२१ च्या मुंबईतली. पहिलं महायुद्ध संपून तीनच वर्षं झालेली. दादरच्या पारशी कॉलनीत राहणारी परवीन मिस्त्री वडिलांच्या कचेरीत वकिलीचं काम करते. एक मुसलमान गिरणीमालक वारतो. त्याच्या तिघी विधवा मलबार हिलच्या बंगल्यात पडद्यात राहतात. तिघी आपल्या हक्काची मालमत्ता दान करणार, असा कागद परवीनच्या हाती येतो. कागदात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं तरी का? ते विचारायला ती आत जाते. पुढे त्याच घरात खून होतो. तपासाला येणारे पोलीस पुरुष आणि ज्यांना विचारायचं त्या बायका पडद्यापलीकडे! खून कुणी केला, ते मात्र मी सांगणार नाही.

परवीन कल्पनेतली, पण तिच्यामागे खऱ्या बाई आहेत. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मग ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. पडद्यातल्या बायकांच्या जमीनजुमल्याची कामं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली.

पोलिसांत बाई हवी, हे युद्धकाळात दिसून आलं. १९१५ साली इंग्लंडमधल्या ग्रँथम गावाजवळ सैन्याची छावणी होती. तिथे एडिथ स्मिथ यांना पोलीस म्हणून शपथ दिली गेली. त्या विधवा, आधी सुईणीचं काम केलेल्या. अटकेचा पूर्ण अधिकार मिळालेल्या त्या देशातल्या पहिल्या बाई. पण त्यांचं बरंच काम होतं मुलींवर नजर ठेवण्याचं. म्हणजे वर्दीत बाई आली एवढ्याने भागत नाही. आपला हक्क आपल्याला माहीत हवा.

तर लक्षात ठेवा. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर पोलीस बाईला ठाण्यात यायची सक्ती करू शकत नाहीत; तिच्या राहत्या घरी येऊन विचारायचं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल, तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. लैंगिक अत्याचाराची तक्रार बाई स्वतः द्यायला गेली, तर ती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. वकील परवडत नसेल, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्नाची अट नाही. तातडीची मदत हवी असेल, तर ११२ फिरवा.

आणि त्या तिघींची गोष्ट विसरू नका. कागद वाचून घेतल्याशिवाय, नाहीतर कुणाकडून वाचून घेऊन समजल्याशिवाय, अंगठा नाही की सही नाही. वारसाचा कागद असो, कर्जाचा असो, की ठाण्यातला जबाब. पुढच्या गटाच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा, आणि ज्या बाईला बैठकीला येता येत नाही, तिच्या घरी जाऊन सांगा.