मांगुराची बोडी, शिवड्याची नदी



पहिला मोठा पाऊस झाला की भंडारा-गोंदियाकडचे ढिवर मच्छीमार चढणीच्या माशांची वाट पाहतात. त्यांतल्या दोनच माशांबद्दल आज बोलतो. दोघेही बिनखवल्याचे, मिशांचे, खाणाऱ्यांचे लाडके. पण एकाला थांबलेलं पाणी हवं, दुसऱ्याला वाहतं.

मांगूर हा बोडीचा, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्याचा, मासा. कल्ल्यांच्या वर त्याला झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्यानं तो थेट हवा घेतो. म्हणून बोडी आटली तरी चिखलात तग धरतो आणि पावसात ओल्या गवतावरून सरपटत धानाच्या बांधीत शिरतो. तिथे उथळ पाण्यात, काठच्या मातीत खळगा करून अंडी घातली जातात आणि नर त्यांची राखण करतो. दुष्काळ पचवणारा हा जीव धानावरच्या फवारणीपुढे मात्र हरला. त्यात आफ्रिकी मांगूर आला. झपाट्यानं वाढणारा, इतर मासे फस्त करणारा. केंद्रानं २००० साली त्याच्यावर बंदी घातली, तरी तो देशी मांगुराच्या नावावर विकला जातोच.

मांगुराचं दुसरं घर म्हणजे मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी बांधलेले असे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढणारे, पाळ राखणारे हात सुटले. उथळ पाण्यात बेशरमाची झुडपं माजली.

शिवड्याची गोष्ट निराळी. त्याचा जबडा डोळ्यांच्याही मागे जातो, लांबी मीटरभराच्या पुढे. इतका मोठा शिकारी जगायचा तर खोल डोह हवेत, त्यांत लहान मासळी मुबलक हवी आणि पुराबरोबर वर चढायला नदी मोकळी हवी. वैनगंगेत हे सगळं होतं. १९८८ साली पवनीजवळ गोसीखुर्दची पायाभरणी झाली. पुढे धरण उभं राहिलं आणि ती वाट अडली. जलाशयात पाणी भरपूर आहे, पण साचलेलं पाणी म्हणजे नदी नव्हे. तिथे रोहू-कटल्याचं बीज सोडलं की उत्पादनाचा आकडा वाढतो, शिवडा वाढत नाही.

धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत मांगूर ‘संकटग्रस्त’ आहे आणि शिवडा त्याच्या एक पायरी अलीकडे, ‘असुरक्षित’. कागदावर मांगुराची अवस्था अधिक वाईट. मला मात्र आपल्याकडच्या शिवड्याची काळजी जास्त वाटते. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवरांनी, त्यांतही बायकांनी पुढाकार घेऊन, बेशरम उपटली, तलावांचे तळ नांगरले, पाणवनस्पती लावल्या. देशी मासळी पुन्हा जाळ्यात येऊ लागली. तलाव गावाच्या हातचा आहे. नदी एका गावाच्या हातची नाही.

ती आपल्याही हातात आहे, म्हणून हा विषय नागपुरात मांडतो आहे. आपलं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत जातं, कन्हानेतून वैनगंगेत, आणि गोसीखुर्दच्या भिंतीशी थांबतं. पवनीचा ढिवर जाळं ओढतो तेव्हा त्याच्या हाती या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी लागते. आपल्या वस्तीतला नाला शुद्ध होऊन नागेत पडतो का, हे महापालिकेला विचारा. पहिल्या पुरात शिवड्याला वर जाता येईल अशी वाट धरणात ठेवली आहे का, हे पाटबंधारे खात्याला विचारा. तोंडी नको, लेखी विचारा.