पोटदुखी आणि ५० किलोमीटरांचे अंतर



पोटदुखी हे किरकोळ दुखणे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु जठराच्या व्रणाला छिद्र पडणे, आंत्रपुच्छ फुटणे, आतड्याला पीळ पडणे, गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ फुटून रक्तस्राव होणे, ही सारी संकटे पोटदुखीच्याच रूपाने प्रकट होतात. त्यांत जीव वाचविण्यास काही तासच हाती असतात.

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, २०१० या एकाच वर्षी भारतात ७० वर्षांखालील सुमारे ७२,००० माणसे अशा दुखण्यांनी दगावली. त्यांतील ८७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि ७१ टक्के घरीच झाले. सुसज्ज जिल्हा रुग्णालय ५० किलोमीटरांच्या आत असते, तर सुमारे ५०,००० प्राण वाचू शकले असते, असा संशोधकांचा अंदाज आहे.

लहान दवाखान्यात शस्त्रक्रिया होऊ शकत नाही. परंतु रोगाची गंभीरता ओळखणे, तातडीचे उपचार आरंभणे आणि रुग्णाला वेळेवर पुढे पाठविणे ही कामे तेथेच व्हावयास हवीत. पोट फळीसारखे कडक, नाडी जलद व क्षीण, किंवा उलट्या चालू असून शौच व वायू बंद, अशा रुग्णाला 'उद्या या' म्हणून परत धाडता कामा नये. मूल होण्याच्या वयातील स्त्रीची लघवीवरील गर्भचाचणी काही मिनिटांत होते. ती टाळू नये. तोंडाने काही न देता शिरेतून सलाईन व प्रतिजैविके सुरू करावीत. वेदनाशामक दिल्याने निदान चुकते, ही जुनी समजूत वैद्यकीय चाचण्यांत टिकलेली नाही. रुग्णाला तळमळत ठेवण्याचे कारण उरलेले नाही. नाडी, रक्तदाब, दिलेली औषधे व वेळ यांची चिठ्ठी सोबत द्यावी आणि पुढील रुग्णालयास दूरध्वनीने कळवावे.

पण पाठवावयाचे कोठे? केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार, ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत शल्यविशारदांची तूट सुमारे ८३ टक्के होती. पैसेवाला मोटार करून खाजगी इस्पितळ गाठतो. शेतमजुराचे कुटुंब रात्रभर वाहनाची वाट पाहते.

दक्ष परिचारिका रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत पोहोचवू शकेल. त्या दारामागे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा सज्ज ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्याचा जाब ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत मागितला गेला पाहिजे.