आधीं विचारावें



भाईंदर स्टेशनावरून उत्तनच्या रस्त्यानें निघालें कीं मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें लागतात. खाडीकांठचीं मिठागरें आणि आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती ही या भागाची ओळख. दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रोमार्गाची कारशेड प्रथम याच गांवांच्या जमिनीवर योजिली होती. गांवकऱ्यांनीं विरोध केला आणि योजना पुढें डोंगरी गांवाकडे वळली. मेट्रो हा कांहीं खासगी कारखाना नव्हे. तथापि तिच्या निमित्तानें उठलेला प्रश्न प्रत्येक उद्योगाला लागू आहे. नकाशावर रेघ ओढावयाची ती तेथील रहिवाशांस विचारून, कीं ओढून झाल्यावर त्यांस कळवावयाचें?

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. आपण घरांत बटण दाबतों आणि दिवा लागतो. त्या विजेच्या इतिहासांत मुळशीचें एक पान आहे. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें मुळशी पेट्यांत धरण बांधावयास घेतलें. सुमारें ५० गांवांस त्याची झळ लागणार होती. जमिनीचें रीतसर संपादन होण्यापूर्वींच शेतांत चाचणीचे खड्डे खणले जाऊं लागले. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. अखेर धरण झालें, आणि गांवें पाण्याखालीं गेलीं.

या लढ्यांतील एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. कित्येक जमिनी कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीनें जमीन म्हणजे गुंतविलेला पैसा. भरपाई मिळाली कीं त्यांचें समाधान होण्यासारखें होतें. कसणाऱ्या मावळ्याची गोष्ट निराळी होती. त्याचें घर, देऊळ, सोयरीक सारेंच त्या खोऱ्यांत होतें, आणि त्याची किंमत कोणत्या दरानें करावयाची? तेव्हां ‘मालकांशीं बोलणें झालें’ एवढ्यानें कंपनीचें कर्तव्य संपत नाहीं. मालक कोण आणि राहणारा कोण, हें तिनें स्वतः जाऊन पाहिलें पाहिजे.

पुढें कायदा बदलला. १९९६ सालच्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला अधिकार दिले, आणि २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें आदिवासींचा जंगलावरील हक्क मान्य केला. त्याचें फळ ओरिसांत दिसलें. नियमगिरि डोंगरांतील बॉक्साइटसाठीं पायथ्याशीं, लांजीगड येथें, कारखाना आधींच उभा राहिला होता. खाणीची अनुमति मात्र मिळालेली नव्हती. १८ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं ग्रामसभांस विचारा. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणीं ग्रामस्थांनीं ‘नाहीं’ म्हटलें. विचारणें उशिरां झालें, पण झालें. आणि त्या ‘नाहीं’चा मान राखला गेला.

होकाराचें उदाहरण आपल्याच गडचिरोलींत आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवाला २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. ज्याला बांबू हवा त्याला आतां ग्रामसभेपुढें गिऱ्हाईक म्हणून यावें लागतें. गांव सर्वसहमतीनें निर्णय घेतें. त्यास वेळ लागतो, हें खरें. पण ज्या उद्योगाला पुढील अनेक वर्षें त्याच जंगलांतून माल न्यावयाचा आहे, त्याला हा वेळ महाग पडूं नये.

केवळ कायदा पाळला म्हणजे आदर झाला असेंही नव्हे. १९२० च्या सुमारास मुळशीच्या कंपनीपाशीं १८९४ चा भूसंपादन कायदा होता. ऑस्ट्रेलियांत २०२० सालीं रिओ टिंटो कंपनीनें जूकन घळीतील गुहा सुरुंगानें उडविल्या. तेथें सुमारें ४६,००० वर्षांपूर्वींपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या, आणि कंपनीच्या हातीं सरकारी परवानाही होता. भूमिपुत्रांचा आक्षेप मात्र तिनें मनावर घेतला नाहीं. पुढें मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावें लागलें; गुहा परत आल्या नाहींत.

उद्योग नकोत, असें मी म्हणत नाहीं. त्यांच्यावांचून शहरें चालणार नाहींत. परंतु यंत्रें मागविण्यापूर्वीं गांवांत जावें, त्यांच्या बोलींत बोलावें, तोटाही फायद्याइतकाच स्पष्ट सांगावा, आणि नकार मिळाल्यास परत फिरण्याची तयारी ठेवावी. ज्या प्रश्नाला ‘होय’ हें एकच उत्तर चालतें, त्याला प्रश्न म्हणतां येत नाहीं. तो हुकूमच होय.

आपण शहरांतले लोक या व्यवहारांत दूरचे नाहीं. त्या कंपन्यांचे भाग आपल्यापैकीं कित्येकांच्या नांवावर असतात, त्यांची वीज आपल्या घरांत जळते. तेव्हां नफा किती झाला हें जसें आपण विचारतों, तसेंच ‘तेथें कोण राहत होतें, आणि त्यांना आधीं विचारलें होतें काय?’ हेंही विचारावयास आपण शिकलें पाहिजे.