उंसाच्या मुलुखांतील वाट

फ्रान्सच्या पूर्व भागांत बरगंडी नांवाचा प्रांत आहे. तेथील बोन या जुन्या गांवापासून सांतने गांवापर्यंत द्राक्षमळ्यांमधून एक अरुंद वाट जाते. तिची लांबी सुमारें २० किलोमीटर. मोटारींची वर्दळ तिच्यावर जवळजवळ नाहींच. मळेवाल्यांचीं यंत्रें आणि सायकलस्वार यांच्याखेरीज तेथें सहसा कोणी भेटत नाहीं. पोमार, व्होलने, मर्सो हीं नांवें एरवीं श्रीमंतांच्या मेजवानींतील बाटल्यांवर वाचावयास मिळावयाचीं. या वाटेवर तीं साधीं गांवें होऊन एकामागून एक सामोरीं येतात.

मोटारींतून जाणारास हा सारा प्रदेश म्हणजे हिरव्या रंगाचा एक पट्टा. सायकलस्वारास तो पायांनीं कळतो. चढ कोठें सुरू झाला, माती कोठें पालटली, कोणत्या दगडी भिंतीच्या आडोशाला ऊन साठून राहिलें आहे, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. बरगंडींत अशा लहान लहान मळ्यांना स्वतंत्र नांवें आहेत आणि त्यांची संख्या बाराशेंहून अधिक आहे. शेजारच्या दोन मळ्यांच्या मद्याची चव निराळी, अशी तेथील लोकांची श्रद्धा. आणि ती केवळ श्रद्धा राहूं नये म्हणून १९३५ सालीं फ्रान्सनें कायदा करून स्थळाच्या नांवाला संरक्षण दिलें. २०१५ सालीं युनेस्कोनें या मळ्यांचा जागतिक वारशांत समावेश केला.

मात्र एक गंमत येथें सांगितली पाहिजे. सायकलवरील सहलीचा फ्रान्समधील थोर पुरस्कर्ता पॉल द व्हिव्ही, ज्याला लोक व्हेलोसिओ या टोपणनांवानें ओळखत, हा १९३० सालीं वारला. त्यानें सायकलस्वारांसाठीं कांहीं नियम घालून दिले होते. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, केवळ ऐटीखातर पायडल मारूं नये. आणि निदान प्रवासांत असेपर्यंत तरी मद्याला शिवूं नये! म्हणजे ज्या मुलुखाच्या मद्याची कीर्ति जगभर, त्या मुलुखांतून जातांना खऱ्या सायकलस्वारानें तोंड कोरडें ठेवावयाचें.

कोल्हापूरच्या सायकलस्वारावर असला प्रसंग येत नाहीं. त्याच्या मुलुखांत पिकतो तो ऊंस, आणि उंसाचा रस पिऊन कोणाचा तोल गेल्याचें अद्याप ऐकिवांत नाहीं.

शहरांतून बाहेर पडण्यास त्याला फार लांब जावें लागत नाहीं. कसबा बावड्यावरून नदीकडे उतरलें कीं राजाराम बंधारा लागतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून जो प्रकार साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे, त्यांतलाच हा एक. नदीच्या पात्रांत दगडी खांब उभे केलेले असतात व त्यांना खांचा ठेवलेल्या असतात. पावसाळा सरला कीं या खांचांत बरगे बसवून पाणी अडवितात; पुढील पावसाळा येण्यापूर्वीं ते काढून घेतात आणि नदीला तिची वाट मोकळी करून देतात. नदीशीं भांडण न करतां तिच्याकडून काम करून घेण्याची ही युक्ति मोठी शहाणपणाची आहे. याच बंधाऱ्यापाशीं पंचगंगेच्या पुराची उंची मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्हीं सालीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें होतें. हिवाळ्याच्या सकाळीं सायकलचें चाक बंधाऱ्यावरून जात असतां खालचें शांत पाणी पाहून ही गोष्ट खरी वाटत नाहीं.

पलीकडे वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखली हीं गांवें. महापुराचा पहिला तडाखा यांनाच बसतो, आणि पुरानें आणलेल्या गाळाची काळी जमीनही यांच्याच वांट्याला येते. वाट दोन्हीं बाजूंच्या उंसांत बुडालेली असते. सायकलवर बसलेल्या माणसाला आकाशाखेरीज कांहीं दिसत नाहीं. मध्येंच एखादें रिकामें झालेलें शेत आलें तर वायव्येस जोतिबाचा डोंगर दृष्टीस पडतो, तेवढेंच. मार्गशीर्षांत उंसाला तुरे आलेले असतात आणि वाऱ्याची झुळूक आली म्हणजे पात्यांची सळसळ पुढून मागें धांवत जाते. मोटारींत हा आवाज ऐकूं येत नाहीं. चालणारास ऐकूं येतो, पण त्याला पुढचें गांव गांठण्याची घाई असते.

गुऱ्हाळ कोठें आहे हें विचारावें लागत नाहीं. वाऱ्यावर प्रथम धुराचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग शिजत्या रसाचा दाट, गोड दरवळ. चरकाशीं मोळ्या येऊन पडलेल्या असतात. तोडलेला ऊंस फार काळ ठेवतां येत नाहीं, त्याची गोडी उतरूं लागते. म्हणूनच गुऱ्हाळ शेताच्या जवळ असावें लागतें. रस काहिलींत पडतो, खालीं चुलवाणांत वाळलेलीं चिपाडें जळत असतात. उंसानेंच उंसाला शिजवावयाचें, बाहेरचें सर्पण नको, हा या धंद्याचा मूळचा हिशेब. रस तापूं लागला कीं त्यांत चुन्याची निवळी आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यामुळें मळी वर येते, ती झाऱ्यानें काढून टाकतात.

यानंतरचें सारें गुळव्याच्या हातांत असतें. काहिलीवरील फेंस कसा फुटतो, बुडबुड्यांचा आवाज केव्हां जाड होतो, थेंब पाण्यांत टाकला तर त्याची गोळी कशी होते, यावरून तो आदण उतरविण्याचा क्षण ठरवितो. क्षणभर आधीं उतरविलें तर गूळ बसत नाहीं. क्षणभर उशीर झाला तर तो करपतो. हें ज्ञान कोणत्याही शाळेंत शिकवीत नाहींत. मग काहील वाफ्यांत रिकामी होते, गूळ घोटला जातो आणि त्याचे रवे पाडले जातात. बरगंडींतील मद्य बंद तळघरांत मुरतें व त्याची चव घ्यावयाची तर खिसा चांचपावा लागतो. येथें सर्व उघड्यावर चालतें, आणि गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला रस, काकवी किंवा ऊन ऊन गुळाचा गोळा दिल्याशिवाय पाठविणें हें अजूनही कमीपणाचें मानतात.

परंतु अशीं गुऱ्हाळें वर्षागणिक कमी होत आहेत. साखर कारखान्याला ऊंस घालणें शेतकऱ्याला सोयीचें. तोड, वाहतूक, हिशेब, सगळें तिकडून होतें. गुळव्यांचीं मुलें या आगीपुढें उभीं राहावयास तयार नाहींत, आणि त्यांना दोष कोण देणार? गुळाच्या व्यापारासाठीं शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरी पेठ वसविली. तेथून कोल्हापूरचा गूळ गुजरातेपर्यंत जाऊं लागला. २०१४ सालीं या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालें. म्हणजे फ्रान्सनें आपल्या मळ्यांना जें दिलें, तें कागदावर कोल्हापुरासही मिळालें आहे.

अडचण आहे ती गिऱ्हाइकाच्या नजरेची. शहरांतल्या सुशिक्षित घरांत गूळ पारखला जातो तो रंगावर. जितका पिवळा तितका चांगला, ही समजूत इतकी पक्की कीं तो पिवळेपणा आणण्यासाठीं कित्येक ठिकाणीं रसांत हायड्रॉससारखी रासायनिक पूड घालतात. जो गुळव्या ती घालीत नाहीं त्याचा गूळ तांबूस, काळसर दिसतो आणि बाजारांत मागें पडतो. दुकानदाराला बोल लावून उपयोग नाहीं. गिऱ्हाईक जें मागतें तेंच तो विकतो. त्या गिऱ्हाइकानें काहिलीजवळ उभें राहून एक आदण उतरतांना पाहिलें असतें, तर गुळाचा खरा रंग कोणता हें त्याला कोणीं शिकवावें लागलें नसतें. आणि त्यासाठीं सायकलवर अर्धा-पाऊण तास पुरतो.

या वाटेस जावयाचें तर सकाळीं लवकर निघावें. हंगामांत उंसानें भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर येऊं लागले कीं अरुंद रस्त्यावर सायकलस्वारास जागा उरत नाहीं. मागची ट्रॉली वळणावर कशी हेलकावेल याचा नेम नसतो. अशा वेळीं खालीं उतरून बांधावर उभें राहणेंच बरें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

परततांना प्रयागाच्या संगमावर थोडें थांबतां येतें, पुढें आंबेवाडीवरून रत्नागिरीचा मोठा रस्ता लागतो आणि शांतता संपते. शिवाजी पुलावरून गांवांत शिरेपर्यंत घामही वाळलेला असतो. मागच्या कॅरियरला वर्तमानपत्राच्या कागदांत बांधलेला गुळाचा गोळा असतो. तो घरीं पोंचेपर्यंत कागदाला असा चिकटून बसतो कीं सुरीनें खरवडून काढावा लागतो.