परीक्षार्थी जेव्हा परीक्षक होतो

मुलाखत म्हटली की विचारणारा वरच्या आसनावर आणि उत्तर देणारा खालच्या, अशीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टराच्या आयुष्यात असा एक हिवाळा येतो की, परीक्षार्थ्यालाच परीक्षक व्हावे लागते. त्या हिवाळ्यात तो अनेक रुग्णालयांना मुलाखती देतो. २०२० पासून त्या बहुधा संगणकाच्या पडद्यावरच होतात. मग उमेदवार आपल्या पसंतीचा क्रम लिहून देतो, रुग्णालये आपला देतात, आणि मार्चमध्ये दोहोंची सांगड घालून निकाल लागतो. १९५२ पासून चालत आलेल्या या पद्धतीला तेथे ‘मॅच’ म्हणतात. निकाल उभयपक्षी बंधनकारक असतो. पुढील तीन वर्षे कोणत्या छपराखाली जायची, हे एका यादीने ठरते.

या सांगडीमागील गणिताचा पाया गेल आणि शॅप्ली या विद्वानांनी १९६२ साली घातला. १९९८ पासूनची गणनपद्धती उमेदवाराच्या पसंतीपासून आरंभ करते. तिची सुधारणा करणारे रॉथ आणि स्वतः शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या गणिताचे व्यावहारिक सार एवढेच की, ‘ते आपल्याला घेतील का?’ या तर्कावरून क्रम बदलण्यात लाभ नाही. मनापासून जे हवे, तेच पहिले लिहावे. म्हणजे डावपेचांची चिंता मिटली. परंतु मनापासून काय हवे हे ओळखण्याची जबाबदारी मात्र दुप्पट झाली.

ते ओळखावे कसे? भव्य इमारत आणि विख्यात नाव यांवरून फारसे कळत नाही. खरी माहिती प्रमुखांच्या भाषणात नसते. ती त्यांच्या अनुपस्थितीत बोलणाऱ्या निवासी डॉक्टरांकडे असते. त्यांना एकच प्रश्न विचारावा : रात्री दोन वाजता एखाद्या तान्ह्या मुलाचा श्वास बिघडला, तर तुम्ही कोणाला उठवता, आणि उठलेला माणूस काय म्हणतो? ‘येतोच’ म्हणतो, की ‘एवढ्यासाठी उठवलेत?’ म्हणतो? ज्या ठिकाणी विचारणे कमीपणाचे मानतात, त्या ठिकाणी चुका झाकल्या जातात; आणि झाकलेल्या चुकीची किंमत मूल देते.

कामाच्या तासांची चौकशीही अशीच नेमकी हवी. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली, आणि शिकाऊ डॉक्टरांचे प्रदीर्घ तास व त्यांच्यावरील अपुरी देखरेख यांची चर्चा देशभर झाली. त्या राज्याने १९८९ साली निर्बंध घातले. २००३ पासून चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्यास ८० तासांची मर्यादा सर्व देशात लागू झाली. तथापि, नियम आहे का, हा प्रश्न व्यर्थ होय. नियम सर्वत्रच आहे. गेल्या आठवड्यात घरी किती वाजता पोहोचलात, आणि तेच तास नोंदवहीत लिहिलेत का, असे विचारावे. उत्तरापूर्वी एकमेकांकडे गेलेली दृष्टीही पुष्कळ सांगून जाते.

मोठे बालरुग्णालय की लहान, हा वाद निष्फळ आहे. मोठ्या ठिकाणी दुर्मीळ आजार दिसतात; पण तेथे विशेषोपचार शिकणारे वरिष्ठ अधिक असल्याने कधीकधी निवासी डॉक्टराच्या हाताला काम कमी येते. लहान ठिकाणी हात तयार होतो. काही आजार मात्र क्वचितच दृष्टीस पडतात. हृदयरोगाकडे वळू इच्छिणारा आणि गावात बालकांचा दवाखाना चालवू इच्छिणारा यांची यादी एकसारखी असण्याचे कारण नाही. दुसऱ्याने विचारावे की, बाह्यरुग्ण विभागात तेच मूल पुन्हा आपल्याकडे येते का? दोन महिन्यांचे असताना ज्याला लस टोचली, ते वर्षाने चालत आले, हे पाहण्यातही मोठे शिक्षण आहे. अंतिम परीक्षेत किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात, हे अमेरिकेचे बालरोग परीक्षामंडळ संस्थावार प्रसिद्ध करते. परंतु लहान संस्थेत एक-दोघांच्या अपयशाने टक्केवारी घसरते, हे ध्यानी घ्यावे.

भारतातून जाणाऱ्यास आणखी एक विचारणा अटळ आहे. ‘जे-१’ परवान्यावर शिकणाऱ्यास शिक्षणानंतर सामान्यतः दोन वर्षे मायदेशी परतावे लागते, किंवा त्यातून सूट मिळवावी लागते. कोणत्या परवान्यास संस्था साहाय्य करते, हे यादी लिहिण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे. त्यात संकोच नको.

शेवटी सर्व नोंदी बाजूस सारून उमेदवाराने एकच कल्पना करावी. आपलेच मूल आजारी आहे, रात्र झाली आहे, आणि खाटेशी या संस्थेत घडलेला डॉक्टर उभा आहे. ज्या संस्थेचे नाव आठवून मनाला धीर येतो, तेच नाव यादीत पहिले लिहावे.