कागदी तसबीर आणि घरची भिंत

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत धामणगांव बढे हें गांव आहे. या बाजूच्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या. वरून पांढऱ्या मातीनें सारवलेल्या, कोठें कोनाडा, कोठें भिंत बांधतांनाच पुरलेली लांकडी खुंटी. नव्या घरांच्या भिंती विटा-सिमेंटच्या आणि रंग दिलेल्या. भिंती अशा पालटल्या, परंतु भिंतीवरील मंडळी फारशी पालटलेली नाहीं. शेगांव याच जिल्ह्यांत, म्हणून श्रीगजानन महाराजांची तसबीर घरोघरीं, सिंदखेड राजा याच जिल्ह्यांत, म्हणून जिजामातेचें चित्र शाळेंत आणि घरांतहि, कोठें डॉ. बाबासाहेब आंबेडकर, कोठें महात्मा गांधी, आणि मुलांच्या खोलींत एखादा क्रिकेटपटु किंवा चित्रपटाचें भित्तिपत्रक. हीं सारीं चित्रें कागदाचीं आहेत, आणि तीं पुष्कळदां शत्रूच्या हातून नव्हे, तर प्रेमानें लावणाराच्याच हातून नाश पावतात.

फाटलेलें चित्र केरांत टाकवत नाहीं. देवाची जीर्ण तसबीर पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात किंवा नदींत सोडतात. पारावरील अशा तसबिरींकडे वैद्याच्या नजरेनें पाहावें. एकीच्या चारी कोपऱ्यांना गंजाचे तांबडे डाग असतात. दुसरीच्या कांठावर तपकिरी, तेलकट पट्टा उमटलेला असतो. तिसरीचा अर्धा चेहरा कांचेला चिकटून राहिलेला असतो. चौथीची पाठ कसरीनें चाळणी केलेली असते. यांतील एकहि रोग वार्धक्याचा नव्हे. ती टांगण्याच्या रीतीनें जडलेलीं दुखणीं आहेत.

छापील चित्र मराठी घरांत येऊन दीडशें वर्षें होत आलीं. पुण्याची चित्रशाळा १८७८ सालीं निघाली. गजानन महाराज शेगांवीं प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले तें सालहि हेंच. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईस १८९४ सालीं सुरू झाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. एकेका रंगासाठीं निराळा दगड, आणि सर्व रंग एकावर एक नेमके बसले म्हणजे वरून रोगणाचा हात, अशा रीतीनें तीं चित्रें तयार होत. त्यापूर्वीं देवाचें रंगीत चित्र हें देवळाच्या किंवा श्रीमंताच्या वाड्याच्या भिंतीवर असावयाचें. तें या दगडांनीं सामान्य गृहस्थाच्या ओसरीवर आणून ठेवलें. मळवलीचा तो छापखाना १९७२ सालीं आगींत जळाला. म्हणून त्या काळचा मूळ छाप आज ज्याच्या घरीं आहे त्याच्याच घरीं आहे. त्याची नक्कल बाजारांत मिळेल. तो छाप मिळावयाचा नाहीं.

कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची एक पातळ गादी. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यांत हातकागद करण्याची परंपरा शतकांची आहे, आणि पुण्यास १९४० सालीं निघालेल्या हातकागद संस्थेनें त्या कलेला नवा आधार दिला. कापसाच्या चिंध्यांपासून केलेल्या कागदाचे तंतु लांब व चिवट असतात, आणि त्यांत आम्ल फारसें नसतें. भित्तिपत्रकाचा कागद बहुधा लांकडाच्या लगद्याचा असतो. लांकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य त्यांत राहून गेलेलें असलें तर उजेडानें तें पिवळें पडतें. शिवाय कागद करतांना घातलेल्या तुरटीचें आम्ल तंतूंना आंतून पोखरीत असतें. यांत छापणाराचा दोष नाहीं. चित्रपटाचें भित्तिपत्रक चार आठवडे रस्त्यावर टिकावें एवढ्याचसाठीं छापलेलें असतें. त्याच भित्तिपत्रकांना आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत, जें १९६४ सालीं स्थापन झालें, जपून ठेवावें लागतें, ही गोष्ट छापणाराच्या स्वप्नांतहि नसेल.

आतां भिंतीकडे वळूं. वऱ्हाडचा उन्हाळा कडक आणि कोरडा, आणि त्याच्या पाठोपाठ पावसाळा. उन्हाळ्यांत कागद आपल्यांतील ओल सोडून आकसतो. पावसाळ्यांत ओल पिऊन फुगतो, आणि तोहि एका दिशेनें अधिक, दुसऱ्या दिशेनें कमी. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाहीं, परंतु ती वर्षानुवर्षें चालूं असते. चित्राचे चारी कोपरे खिळ्यांनीं जखडले किंवा चारी कडा चिकटवून टाकल्या, म्हणजे कागदाला हलावयास जागा उरत नाहीं. मग तो मधोमध फुगून सुरकुततो, नाहीं तर जेथें धरला असेल तेथेंच फाटतो. लोक म्हणतात, “कागदच हलका निघाला.” कागद हलका असेलहि, पण त्याला बांधून घातला होता हें कोणी बोलत नाहीं.

यावरचा उपाय शोधावयास दूर जावयास नको. तो प्रत्येक जुन्या शाळेंत लोंबत होता. भूगोलाच्या तासाला लागणारा मोठा नकाशा कापडावर चढवलेला असे, त्याला वर एक दांडी, खालीं एक दांडी, वरच्या दांडीला दोरी आणि ती दोरी एका खिळ्याला. या साध्या रचनेंत मोठें शहाणपण आहे. कागदाचा भार एका भोंकावर न पडतां सगळ्या रुंदीवर सारखा पडतो. दोन्ही बाजू मोकळ्या, म्हणून फुगणें-आकसणें बिनतक्रार होतें. खालच्या दांडीच्या वजनानें नकाशा ताठ राहतो. भिंतीशीं त्याचा संबंध एवढाच कीं तो तिच्यासमोर आहे. मुलांच्या छड्या खाऊन आणि दर आठवड्यास गुंडाळला जाऊनहि असा नकाशा वर्षानुवर्षें टिके. बैठकींत एकदांच लावलेलें आणि कोणी हातहि न लावलेलें चित्र मात्र चार पावसाळ्यांत निकामी होई.

घरच्या भित्तिपत्रकासाठीं कापड चढविण्याची गरज नाहीं. तें काम जाणत्याचें आहे. सुताराकडून चित्राच्या रुंदीपेक्षां दोन-दोन बोटें लांब अशा चार पातळ पट्ट्या करून घ्याव्या. दोन पट्ट्यांच्या मध्यें चित्राची वरची कोरी कड धरावी आणि पट्ट्यांचीं टोकें, जीं कागदाच्या बाहेर राहतात, तेथें स्क्रूनें आवळावीं. खालच्या कडेलाहि तसेंच करावें. मात्र त्या पट्ट्या हलक्या असाव्या. लांकडांतहि आम्ल असतें, यासाठीं पट्टी व चित्र यांमध्यें चांगल्या हातकागदाची घडी घालावी. कागदाला भोंक नाहीं, डिंक नाहीं, आणि जेव्हां वाटेल तेव्हां चित्र जसेंच्या तसें मोकळें. सुतार न मिळाल्यास कागद धरण्याचे दोन-तीन चिमटे घेऊन तेहि चालतील, परंतु लोखंडी चिमट्याखालीं जाड कागदाची घडी पाहिजेच. नाहीं तर पहिल्याच पावसाळ्यांत त्याचा गंज चित्रावर उतरतो, आणि गंजाचा डाग धुतां येत नाहीं.

मातीच्या भिंतीला खिळा धरत नाहीं. तो ढिला होऊन चित्रासह खालीं येतो. तेथें जुन्या खुंट्यांचा उपयोग करावा, किंवा दोन खुंट्यांमध्यें दोरी ताणून तिच्यावर चित्रें अडकवावीं. आपल्या पूर्वजांनीं खुंटी भिंतीबरोबरच बांधून घेतली, ती पगडी-अंगरख्यासाठीं. पण भिंतीला इजा न करतां कांहींतरी अडकविण्याची ती उत्तम युक्ति आहे.

सर्वांत मोठें संकट म्हणजे पारदर्शक चिकटपट्टी. ती १९३० सालीं अमेरिकेंत निघाली आणि आज किराणा दुकानांतहि मिळते. लावतांना ती निरुपद्रवी दिसते. कांहीं वर्षांनीं तिची वरची फीत वाळून गळून पडते, पण खालचा डिंक कागदांत उतरलेला असतो. तो जागा तेलकट, पारदर्शक व तपकिरी करून सोडतो, आणि तज्ज्ञाच्या हातांतहि तो पूर्णपणें निघेल अशी खात्री नसते. शिवाय मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर ती बसतच नाहीं; आणि रंगाच्या भिंतीवर बसली तर निघतांना रंगाचा पोपडा घेऊन येते, म्हणजे एका पट्टीनें चित्र आणि भिंत दोन्ही बिघडतात.

मैद्याची किंवा कणकेची खळ ही तितकी दुष्ट नाहीं, कारण ती पाण्यानें सुटते. तिचा दोष निराळा: कसर व झुरळें यांना ती पंचपक्वान्नासारखी वाटते. म्हणून बांधणावळ करणारे तींत मोरचूद घालीत. कीटक त्यानें दूर राहतात खरे, परंतु मोरचूद विषारी आहे, आणि त्यांतील तांबें कागदाचे तंतु लवकर ठिसूळ करतें. किड्यांपासून वांचविलेलें चित्र मग आपोआप तुकडे होऊन पडतें. चिकटविणें टाळतां येतच नसेल, तर शुद्ध गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ करावी आणि हातकागदाच्या दोनच लहान पट्ट्या चित्राच्या पाठीमागें, वरच्या कडेला लावाव्या. त्या पट्ट्या चित्राहून अशक्त असाव्या, म्हणजे ओढ बसल्यास पट्टी फाटेल, चित्र वांचेल.

हल्लीं आणखी एक मोह सुटला आहे. चित्र जुनें होऊं लागलें कीं तें तापल्या प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत कायमचें बंद करून घ्यावयाचें. दुकानदार म्हणतो, “आतां पाणी पडलें तरी भीति नाहीं.” या आश्वासनाचा अर्थ समजण्यासाठीं बुलढाण्याला लागूनच असलेल्या अजिंठ्याच्या डोंगरांत जावें. तेथील लेणीं १८१९ सालीं एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडलीं, आणि त्यानंतर त्या भित्तिचित्रांवर प्रेम करणारांची रीघ लागली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्या नकला काढविल्या, आणि नकलतांना रंग स्पष्ट दिसावे म्हणून मूळ चित्रांवर रोगण दिलें. पुढें निजाम सरकारनें १९२० ते १९२२ या काळांत चेक्कोनी व ओर्सिनी हे इटलीचे तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटूं लागलेले पोपडे बसविले, आणि चित्रें जपण्यासाठीं त्यांच्यावर लाखेचा थर दिला. हे लोक अडाणी नव्हते, आणि पोपडे बसविण्याचें त्यांचें काम मोलाचें होतें. परंतु लाख काळानें पिवळी व काळपट पडली, धूळ व धूर धरूं लागली, आणि जेथें ती आकसली तेथें खालच्या रंगालाहि ओढूं लागली. नंतरच्या काळांत पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना तोच थर बोटाबोटानें, वर्षानुवर्षें खपून उतरवावा लागला. जो उपाय परत फिरवितां येत नाहीं तो चित्रावर करूं नये, हें अशा अनुभवांतून जगभरच्या संग्रहालयांनीं आपलें पहिलें व्रत केलें. प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत वितळवून बसविलेलें चित्र परत फिरवितां येत नाहीं. शाळेच्या ओळखपत्राला तें खुशाल करावें. आजोबांनीं आणलेल्या तसबिरीला करूं नये.

कांचेची चौकट हा त्याहून कितीतरी चांगला मार्ग, पण ती नीट केलेली असावी. चित्र कांचेला टेकतां कामा नये; दमट दिवसांत तें तिला चिकटतें, आणि मग कांच काढतांना रंग कांचेबरोबर जातो. चित्राभोवतीं जाड पुठ्ठ्याची खिडकी ठेवली कीं अंतर राहतें. पुठ्ठा आम्लरहित मागावा. साध्या पिवळ्या पुठ्ठ्याची तपकिरी रेघ दहा वर्षांत चित्राच्या कडेला उमटते. पाठीला फळी लावली तर तिच्या रेषासुद्धां कागदावर उतरतात. पाठ कागदानें बंद करून घ्यावी, म्हणजे धूळ व कसर शिरत नाहीं, आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावे, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाहीं. जुन्या वाड्यांत तसबिरी आढ्याजवळ, पुढें झुकलेल्या लावीत. खालीं बैठकीवर बसणाराला त्या नीट दिसत, आणि मागून वाराहि खेळे. आजच्या घरांत सर्व चौकटी भिंतीशीं सपाट चिकटलेल्या दिसतात. सुंदर दिसतात, पण आंतून घुसमटतात.

पावसाचा मारा सोसणारी पश्चिमेची भिंत, न्हाणीघराच्या पाठीची भिंत आणि चुलीवरची भिंत या चित्रासाठीं वर्ज्य. घराच्या मधली भिंत सर्वांत चांगली. ऊन थेट पडणाऱ्या भिंतीवरचें कॅलेंडर वर्षअखेर निळें दिसूं लागतें, कारण त्यांतील तांबडा व पिवळा रंग आधीं उडून जातो. चित्रावर उन्हाची तिरीप एकच तास पडत असली तरी तो तास रोजचा असतो. गंधाचें बोट कांचेवर लावावें; कांच नसलेल्या चित्रावर ओला हार घालूं नये, आणि उदबत्ती चित्राच्या अगदीं खालीं न ठेवतां हातभर पुढें ठेवावी. भक्तीला त्यानें उणेपणा येत नाहीं.

राहतां राहिला प्रश्न आधींच भिंतीला चिकटून बसलेल्या चित्रांचा, कारण दिवाळीपूर्वीं रंगारी घरांत येतो आणि खरवडणी हातांत घेतो. खळीनें लावलेलें साधें छापील चित्र असेल तर एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टेकवून पाहावा. रंग पसरला नाहीं, तर ओला पिळलेला पंचा चित्रावर थोडा वेळ दाबून धरावा, आणि खळ मऊ झाली कीं वरच्या कोपऱ्यापासून, भिंतीला अगदीं लगटून, कागद हळूहळू सोडवावा. मग तो स्वच्छ कापडावर पालथा घालून सावलींत वाळवावा. रोगणाच्या जुन्या छापाला मात्र पाणी लावूं नये, आणि चिकटपट्टी नखानें ओरबाडूं नये. तीं कामें तज्ज्ञाकडे सोंपवावीं. तोंवर ती भिंत तेवढी सोडून बाकीचें घर रंगवून घ्यावें आणि रंगाऱ्याला चार दिवसांनीं पुन्हा बोलवावें.